एमसीबी आहे ना, मग कसली काळजी?

नमस्कार मंडळी. फायर सेफ्टी म्हटलं की लोक लगेच भिंतीवरच्या लाल सिलिंडरकडे बोट दाखवतात, पण तो आग लागल्यानंतरचा विषय झाला, मला आज त्याच्या आधीचं बोलायचंय.

ऑफिस असो नाहीतर वर्कशॉप, वायरिंगबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "एमसीबी आहे की!" अहो पण एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप वीज तोडणारा स्विच, तो ट्रिप कधी होतो? ओव्हरलोड झाला किंवा शॉर्ट झाला तर. सॉकेटच्या मागचा स्क्रू ढिला असेल तर करंट वाढत नाही, 10 अँपियरचा 10च राहतो, त्यामुळे एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. इकडे त्या ढिल्या जोडावर रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढलेला असतो, जोड तापतो, तापला की तांबं काळं पडतं, काळं पडलं की रेझिस्टन्स अजून वाढतो, आणि हे असं महिनोन्महिने कोणाला पत्ता न लागता चालू राहतं. हिशोब करून बघा, अर्धा ओहम जरी आला तरी 10 अँपियरला त्या एका जोडावर 50 वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, म्हणजे अशी दोन चालू करून सॉकेटमागे ठेवून दिल्यासारखं झालं.

हे कळतं बरं का, बघणारा पाहिजे. पांढरा सॉकेट पिवळट पडतो, जळकट वास येतो, कधी तर चक्क मासळीसारखा. स्विच बंद करून प्लग काढा, पिना चटका देत असतील तर तो सॉकेट वापरायचा बंद, मग कितीही अर्जंट काम असू दे. एक्स्टेंशनमध्ये एक्स्टेंशन खोचणं आपल्याला माहितीच आहे, पण केबल रिळावर गुंडाळलेलीच ठेवून हीटर किंवा ग्राइंडर चालवणारे पण खूप, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वावच नसतो, पूर्ण उलगडा ना.

वेल्डिंगचं तर विचारूच नका. ठिणग्या 10-11 मीटरपर्यंत जातात, फटीत शिरतात, भुशात नाहीतर चिंध्यांत धुमसत बसतात, आणि वेल्डर तोपर्यंत डबा खायला गेलेला! काम संपल्यावर तासभर तरी एक माणूस तिथे थांबलाच पाहिजे, आणि हा तास कामाच्या वेळेत धरायचा, नाहीतर कोणी थांबत नाही, उगाच कागदावर सही होते.

25 मार्च 1911ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. कटिंग टेबलाखाली कापडाचे कपटे साठलेले, आग तिथे लागली, आणि जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद. कशासाठी, तर चोरी होऊ नये म्हणून! आता मागच्या दाराला कुलूप लावणारे तुमचे मॅनेजर काय कारण देतात ते आठवा. मी तर आग-धूर अडवणारा फायर डोअर, जो एरवी मिटलेला असायला हवा, तोच उघडा राहावा म्हणून त्याला फायर एक्स्टिंग्विशरच टेकवून ठेवलेला बघितलाय, काय बोलणार.

आणि हो, एक्स्टिंग्विशरचं राहिलं. पावडरवाल्याचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघता येतं. सीओटूवाल्याला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरलेल्याला, असा काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं, बाटलीवर किती असायला हवं ते लिहिलेलं असतं, कमी भरलं तर गॅस गळतोय, रिफिलला पाठवा.