परभणीत ४४, समुद्रात २९. मग लाट कुठाय?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "सर, आमच्याकडं ४४ झालं की लाट म्हणतात. समुद्र २९ वर, त्याला कसली उष्णतेची लाट?" एकानं तर लिहिलंय, "विहिरीत पाणी नाही, अन् हे समुद्राचं सांगायलेत." सांगायलोय, थांबा जरा.

व्याख्या पटकन. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान त्या जागी, त्या तारखेच्या आसपास, साधारण ३० वर्षांतल्या ९० टक्के नोंदींच्या वर गेलं अन् सलग ५ दिवस तरी टिकलं, की सागरी उष्णतेची लाट. झालं.

अडतंय कुठं? "त्या जागी, त्या तारखेला" इथं. ठरलेला आकडाच नाही! परभणीत जानेवारीच्या पहाटे आठवडाभर १८ अंश राहिले, तर तुम्हाला घाम फुटणार नाही, पण त्या दिवसांसाठी ते गरमच, गव्हाला कळतं. समुद्राचंही तसंच. म्हणजे लाट हिवाळ्यातही येते. अलास्काच्या गार पाण्यातही येते. २०१३ च्या अखेरीस तिकडं सुरू झालेला 'ब्लॉब', म्हणजे गरम पाण्याचा भलामोठा पट्टा, तसाच. वारा मंदावला, पाण्यातली उष्णता बाहेर पडेना. उलट उष्ण कटिबंधात पाणी वर्षभर जवळपास सारखंच, म्हणून एखादा अंश चढला तरी लाट. अन् तेवढ्यानं प्रवाळ पांढरे पडतात. मे २०२० च्या लाटेनंतर तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडले. आता लिहा, "२९ म्हणजे काय गरम"!

बाकी ठिकाणी कारणं वेगळी. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला ला निनामुळं (पॅसिफिकच्या मधल्या-पूर्वेकडच्या भागाचं पाणी नेहमीपेक्षा गार पडतं, ती) लीउविन नावाचा गरम पाण्याचा प्रवाह जोरावला अन् समुद्रशैवालाची जंगलं गेली. पूर्व पॅसिफिकमध्ये एल निनो, म्हणजे ला निनाच्या उलट, पाणी नेहमीपेक्षा गरम, म्हणून लाट महिनोन्‌महिने हलत नाही. अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या गरम प्रवाहाच्या पट्ट्यात पाण्याचे भोवरे, तिथं पारा एकदम चढतो.

आता विहीरवाले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा २०२२ चा अभ्यास आहे: १९८२ ते २०१८ मध्ये पश्चिम हिंदी महासागरात दर दशकाला साधारण दीड लाट वाढत गेली, बंगालच्या उपसागरात अर्धी. या लाटा असताना मध्य भारतात पाऊस घटतो, दक्षिणेत वाढतो. आपण दोन्हीच्या मधोमध, त्यामुळं यावरून लातूरचा यंदाचा पाऊस सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा अन् वाटेला लावा.

अन् "सर, सोयाबीन कधी पेरू?" हे मला नका विचारू. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका, कृषी विद्यापीठ सांगतच असतं.