दहाचा पुडा दहालाच, मग महागलं काय?

[टेबलावर भुजियाची रिकामी पुडी, भांड्याचा साबण, तेलाची पिशवी, छोटा वजनकाटा]

नमस्कार मंडळी. पुडी रिकामी आहे, कारण भुजिया कालच संपली. आज आतला माल बघायचाच नाहीये. पुडीच्या मागं, शिवणीच्या जवळ मुंगीएवढी अक्षरं असतात, ती वाचायचीत. चष्मा असेल तर घेऊन बसा.

2022 सालच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या आल्या होत्या. हल्दीरामची दहा रुपयांची आलू भुजिया 55 ग्रॅमची होती, ती 42 ग्रॅमची झाली. दहा रुपयांचा विम साबण 155 ग्रॅमचा होता, तो 135 ग्रॅमवर आला. दोन्हीकडं किंमत दहाच राहिली. आता आकडेमोड करू. 55 ग्रॅमला दहा, म्हणजे किलोला साधारण 182 रुपये. 42 ग्रॅमला दहा, म्हणजे किलोला 238. किलोमागं 56 रुपये वाढले आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही. कांदा किलोमागं दहा रुपयांनी वाढला तर आपण अख्खी गल्ली डोक्यावर घेतो.

पत्ता का लागत नाही? आपण दुकानात मागतो कसं ते आठवा. आपल्या बेळगावच्या वडगावात, शहापुरात कुठल्याही किराणा दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. पोरगं येतं आणि म्हणतं, "अण्णा, दहाचं बिस्किट द्या." काकू येतात, "पाचची चहापूड, दोनचा शॅम्पू." ग्रॅम कुणी मागत नाही. कंपनीला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पुड्याच्या तोंडावर दहाचा आकडा टिकला की गिऱ्हाईक टिकलं. दहाचे बारा केले तर पोराच्या हातात दहाचंच नाणं असतं, वरचे दोन आणणार कुठून? ते शेजारचा दुसऱ्या कंपनीचा पुडा उचलतं. म्हणून किंमत जागेवर ठेवायची आणि आतलं काढायचं.

शहापुरातले एक ओळखीचे दुकानदार आहेत, त्यांना विचारलं, तुम्हाला तरी कळतं का? ते म्हणाले, "कळतंय की. रेट तोच, बॉक्समध्ये पुडे तेवढेच, स्कीम तीच. खोका उचलताना हलका लागूलाय, एवढंच." रोज खोकी उचलणाऱ्या माणसाला हातानं कळतं. आपण एकच पुडा उचलतो, आपल्या हाताला दहा-बारा ग्रॅमचा फरक काय समजणार? बरं, चिप्सची पिशवी तर फुगलेलीच असते. आतला नायट्रोजन चिप्स मोडू नयेत, तेल खवट होऊ नये म्हणून भरतात, ते कारण खरंच आहे. पण त्या फुगवट्यात किती बसलंय आणि किती उडालंय, ते बाहेरून दिसत नाही हेही तितकंच खरं.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही, तेही सांगतो. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळं सूर्यफुलाचं तेल अडकलं. त्यातच 28 एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, ती 23 मेपर्यंत बंदच होती. बिस्किट, भुजिया, साबण, बहुतेकांत पाम असतंच. खर्च वाढला हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की खर्च वाढला तर सांगा. पुड्याच्या तोंडावर "20 टक्के जास्त" हे केवढ्या मोठ्या लाल अक्षरांत छापता! मग "20 टक्के कमी" छापायला शाई संपते काय?

[दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी समोर धरून]

आता आपल्या रोजच्या पिशवीकडं येऊ. नंदिनी, म्हणजे कर्नाटकातलं सहकारी दूध. ही गोष्ट कर्नाटकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली, म्हणून जरा सावकाश बघू.

मार्च 2023. फुल क्रीम दूध एक लिटर 50 रुपयांना होतं. किंमत 50 च ठेवली आणि पिशवी 900 मिलीची केली. अर्ध्या लिटरच्या 24 रुपयांच्या पिशवीत 450 मिली यायला लागलं. भुजियाचीच तऱ्हा.

मग जून 2024. या खेपेला उलटं झालं. निळ्या पिशवीतलं टोन्ड दूध अर्धा लिटर 22 रुपयांना होतं, ते 550 मिली केलं आणि किंमत 24 केली. विरोधी पक्ष म्हणाला दरवाढ, सरकार म्हणालं दरवाढ नाही, 50 मिली जास्तीचे दोन रुपये. हिशेब केला तर सरकारचं बरोबर निघतं. आधी लिटरला 44 पडत होतं, आता 43 रुपये 64 पैसे. पण ज्यांच्या घरात अर्धा लिटर पुरत होतं, त्यांनी ते वरचं अर्धं फुलपात्र मागितलं होतं कुठं? त्यांच्या खिशातनं रोजचे दोन रुपये गेलेच.

खरी गंमत एप्रिल 2025 ची. तेव्हा लिटरमागं चार रुपयांची वाढ जाहीर झाली आणि जास्तीचे 50 मिली काढून घेतले. अर्ध्या लिटरच्या पिशवीची किंमत किती झाली? 24. आदल्या दिवशीही 24 च होती. आदल्या दिवशी 550 मिली, दुसऱ्या दिवशी 500. लिटरचा भाव 43.64 वरून 48 वर गेला, आणि पिशवीवरचा रुपयाचा आकडा हललासुद्धा नाही. म्हणजे आधी माप वाढवून किंमत वाढवली, आणि गिऱ्हाइकाला त्या किमतीची सवय झाल्यावर माप परत घेतलं. कुणी आधीपासून ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण घडलं ते असं.

तरीही दुधाच्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली. ती पेपरात आली, विधानसभेत गाजली, टीव्हीवर भांडणं झाली, कारण ते सहकारी दूध आहे आणि त्याचा भाव सरकारच्या परवानगीनं ठरतो. साबणाच्या वडीसाठी विधानसभेत कोण उठणार आहे?

[कॅमेरा जवळ, पुडीच्या मागची छपाई]

मग साबणासाठी काय आहे? कायदा आहे. लीगल मेट्रोलॉजी ॲक्ट, 2009. वजनमापाचा कायदा म्हणा. त्याच्याखाली 2011 चे पॅकबंद मालाचे नियम आहेत. पूर्वी त्यात 19 वस्तूंची यादी होती. चहा, कॉफी, बिस्किट, ब्रेड, खायचं तेल, पीठ, मीठ, साबण, अगदी सिमेंट आणि पेंटसुद्धा. या वस्तू ठरलेल्या मापातच विकायच्या, असा नियम होता. नोव्हेंबर 2021 मध्ये नियम दुरुस्त झाले आणि ती यादी निघाली. आता कंपनीनं 840 मिलीची तेलाची पिशवी काढली तरी चालतं. त्या बदल्यात गिऱ्हाइकाला एक गोष्ट मिळाली. पुड्यावर नगाचा किंवा मापाचा भाव छापायचा. किलोच्या आतल्या मालावर ग्रॅमचा भाव, किलोच्या वरच्या मालावर किलोचा. तेलातुपाला तसाच मिलीचा आणि लिटरचा. अंमलाच्या तारखा पुढं पुढं सरकत गेल्या, पण आता तो आकडा पुड्यांवर दिसतो.

हा बघा. एमआरपीच्या खाली "यूएसपी", म्हणजे युनिट सेल प्राइस, तोच मापाचा भाव, असं लिहिलंय आणि पुढं रुपये 0.24 प्रति ग्रॅम. पॉइंट चोवीस! वाचून कुणाला काय बोध होणार? म्हणून एक करा. टिंब उजवीकडं तीन घरं सरकवा. पॉइंट चोवीस म्हणजे किलोला 240 रुपये. आता अंगावर येतं की नाही? मग हाच आकडा घेऊन फरसाणवाल्याला सुट्या भुजियाचा किलोचा भाव विचारा आणि तुलना करा.

दहा ग्रॅम किंवा दहा मिलीच्या आतल्या पुड्यांना यातल्या बऱ्याच गोष्टींतून सूट आहे, त्यामुळं छोट्या पुडीवर हा आकडा मिळेलच असं नाही. आणि मोठं पॅक स्वस्तच पडतं ही समजूतही सोडा. शॅम्पूच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा मिलीमागं स्वस्त पडतात. फॅमिली पॅक म्हणून बाटली उचलण्याआधी टिंब सरकवून बघा.

जाता जाता एक. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर कन्नड किती टक्के, मराठी किती, यावर आयुष्य गेलं. पुड्यावरची सक्तीची माहिती मात्र नियमानं हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरते. कन्नडलाही सक्ती नाही, मराठीलाही नाही. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोघंही इथं सारखेच फसतात.

[तेलाची पिशवी]

तेलाचं प्रकरण वेगळं आहे, कारण इथं दोन मापं आहेत. समजा एक लिटरची पिशवी 150 रुपयांना आहे आणि शेजारी 850 मिलीची 135 ला. लांबून दोन्ही सारख्याच जाड दिसतात, हात आपसूक 135 कडं जातो. हिशेब करा, दुसरी लिटरला जवळजवळ 159 पडते. आपल्याकडं पुष्कळ लोक घाण्यावरनं तेल आणतात, ते किलोवर मिळतं. किलो आणि लिटर एक नव्हे. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे किलोभर तेल एक लिटर 100 मिलीच्या आसपास असतं. घाण्याचं तेल 200 रुपये किलो असेल तर लिटरला ते 182 पडलं. "घाण्याचं परवडत नाही" म्हणणाऱ्यांनी हा भागाकार केलेला असतो का, मला शंका आहे.

तेलात तापमानाचीही चलाखी होती. तेल तापलं की पसरतं. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशाला 919 ग्रॅम भरतं आणि 60 अंशाला 893 च्या आसपास. काही कंपन्या पिशवीवर 60 अंश लिहून मोकळ्या व्हायच्या, म्हणजे तेल कमी भरूनही लिटरच म्हणता येतं. अरे, 60 अंशाला तेल विकत कोण घेतं? बेळगावात तर मे महिन्यातही संध्याकाळी गार वारं सुटतं. शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की तापमान लिहू नका, माप लिहा आणि वजनही बरोबर लिहा. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. आता पिशवीवर मिली आणि ग्रॅम दोन्ही असतात. ग्रॅमचा आकडा वाचा, तो लवकर फसवत नाही.

सप्टेंबर 2025 चंही सांगायला हवं, कारण तेव्हा चाक उलटं फिरलं. 22 सप्टेंबरपासून बिस्किट, अंघोळीचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. पाच रुपयांच्या पुड्याचा हिशेब मांडला तर किंमत 4 रुपये 45 पैसे येते, आणि काही पुड्यांवर तशा किमती छापून आल्यासुद्धा. 55 पैसे सुटे द्यायचे कुणी? आपल्या दुकानात रुपयाच्या बदल्यात चॉकलेट मिळतं, 55 पैशांना काय, वरचा कागद? म्हणून कंपन्या किंमत पाचच ठेवून माल वाढवण्याकडं वळल्या. ही सूट तुमच्या पुड्यात उतरली का, ते पुन्हा ग्रॅमच्या आकड्यावरच कळणार. म्हणून नेहमीच्या चार-पाच वस्तूंचे रिकामे पुडे ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. सहा महिन्यांनी नवा आणला की शेजारी धरा.

आता तक्रारीचं. पुड्यावर 42 लिहून आत 42 असेल तर तो गुन्हा नाही, तक्रार टिकणार नाही. लिहिलंय त्यापेक्षा आत कमी असेल तर मात्र टिकते. मशीनला थोडी चूक माफ आहे, 100 ग्रॅमच्या पुड्याला साडेचार ग्रॅमपर्यंत, पण सगळ्या पुड्यांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा खाली जाता कामा नये. एमआरपीपेक्षा जास्त घेणं हाही गुन्हा. थंड बाटलीला "कूलिंगचे दोन रुपये" म्हणतात, तेसुद्धा. मिठाईचंही ध्यानात ठेवा. कुंदा घेताना खोकं काट्यावर ठेवून आधी शून्य करायला सांगा. जाड पुठ्ठ्याचं खोकं कुंद्याच्या भावात घेऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, फोन फुकट. आपल्या जिल्ह्यात वजनमाप खात्याचं ऑफिसही आहे, तिथं लेखी देता येतं. वजन कमी वाटलं तर पुडा फोडू नका, तसाच काट्यावर ठेवून फोटो काढा. बॅच नंबर आणि महिना-वर्ष फोटोत यायला हवं, आणि बिल मागून घ्या. बिल मागितल्यावर दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.