पेशीतला मुहूर्त

(इंदुरात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पेशी आपली प्रथिनं स्वतःच मोडते म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कचरागाडी आली असणार. इंदुरात ती येणारच; सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका वेगळा करून आपण दारात उभे! पण प्रथिनं मोडणाऱ्या प्रोटिएसोमला पेशीची कचराकुंडी म्हणणं मला फार खटकतं. बिघडलेली, घडी चुकलेली प्रथिनं तिथे जातात हे खरंच. पण पेशीला विभाजनात नेणारं प्रथिन, सायक्लिन-बी, तिथे जातं तेव्हा धडधाकट असतं, आपलं काम चोख करत असतं. त्याची वेळ संपली, एवढंच. ही वेळेची बाजू शिकवताना मागे पडते, म्हणून आज तीच आधी.

१९८२चा उन्हाळा, अमेरिकेतली वुड्स होलची सागरी प्रयोगशाळा. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. सी-अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी गोळा. त्याची अंडी एकदम फलित केली की सगळी एका तालात दुभंगतात. एकट्या पेशीत जे मोजता येत नाही ते या मेळ्यात मोजता येतं. हंट यांनी त्यात किरणोत्सारी मेथिओनिन, म्हणजे प्रथिनं बनवणारं एक अमिनो आम्ल, घातलं, म्हणजे नव्यानं बनणाऱ्या प्रथिनांवर खूण राहील. थोड्या थोड्या वेळानं नमुना काढायचा, जेलवर प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची आणि फिल्मवरचे पट्टे पाहायचे. पट्टे उत्तरोत्तर गडद व्हायला हवेत. बाकीचे झालेही. एक पट्टा मात्र गडद झाला आणि पेशी दुभंगण्याच्या जरा आधी फिका पडला. पुन्हा भरला, पुन्हा गेला.

आता इथे थोडं थांबू या, कारण सगळं मर्म इथेच आहे. प्रथिन बनायचं नुसतं थांबलं असतं तर पट्टा होता तेवढाच राहिला असता. तो फिका पडला, याचा अर्थ बनलेलं प्रथिन मोडलं गेलं. तेच सायक्लिन. २००१च्या नोबेलमध्ये लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्याबरोबर हंट होते.

पण ते मोडणं गरजेचं की नुसतं जाता जाता घडणारं? १९८९मध्ये मरे, सॉलोमन आणि किर्शनर या संशोधकांनी सायक्लिनच्या सुरुवातीची ९० अमिनो आम्लं छाटली आणि ते बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात घातलं. छाटलेलं सायक्लिन मोडेना, आणि अर्क विभाजनाच्या अवस्थेतच अडकून राहिला. मोडायच्या प्रथिनावर पेशी आधी एक चिठ्ठी लावते, आणि छाटलेल्या तुकड्यात ती चिठ्ठी लावणाऱ्यांना ओळख पटवणारी खूण होती: आर्जिनिन, मग कोणतीही दोन, मग ल्यूसिन.

चिठ्ठी म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. ई-१ एन्झाइम एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ते उचलतं, ई-२कडे सोपवतं, आणि ई-३ नेमकं गिऱ्हाईक शोधून त्याच्या लायसिन या अमिनो आम्लावर ते चिकटवायला लावतं. माणसात ई-१ फक्त दोन, ई-३ मात्र सहाशेच्या वर, कारण निवड तिथे होते. एका चिठ्ठीवर सहसा भागत नाही, साखळी लागते. प्रोटिएसोमच्या तोंडाशी चिठ्ठ्या सोडवून परत वापरायला ठेवतात. प्रथिन उलगडून आत ओढलं जातं आणि त्याचे बारीक तुकडे होतात.

विभाजनातलं ई-३ म्हणजे एपीसी. दुप्पट झालेल्या गुणसूत्राच्या दोन प्रती कोहेसिनच्या कड्यानं बांधलेल्या असतात. ते कापणारी कात्री सेपरेज, आणि कात्रीवरचं म्यान सेक्युरिन. सीडीसी-२० हे मदतनीस प्रथिन जोडीला आलं की एपीसी सेक्युरिन आणि सायक्लिन-बी दोघांनाही चिठ्ठ्या लावतं. पण एका गुणसूत्राला जरी ओढून नेणारा धागा लागायचा राहिला असेल, तरी मॅड-२ हे पहारेकरी प्रथिन आणि त्याचे सोबती सीडीसी-२०ला धरून ठेवतात. शेवटचं ‘सावधान’ होईपर्यंत अंतरपाट सरत नाही, तसंच हे. तिथे जोडी जुळते, इथे सुटते. पण अक्षता पडल्यावर अंतरपाट पुन्हा धरत नाहीत, हे दोन्हीकडे सारखं. प्रथिन चालू-बंद करायला त्यावर फॉस्फेट चढवता येतो, उतरवता येतो. मोडलेलं प्रथिन मात्र नव्यानं बनवावं लागतं, आणि म्हणूनच पेशीचं चक्र उलट फिरत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, आणि कबूल केलेला कर्करोगाचा भाग तर राहिलाच! भराभर सांगतो.

पी-२७ हे प्रथिन म्हणजे विभाजनाचा ब्रेक. एसकेपी-२ नावाचं ई-३चं अंग कर्करोगाच्या अनेक गाठींत वाढतं आणि ब्रेक मोडून टाकतं. पी-५३ हे गाठी रोखणारं प्रथिन; त्याला चिठ्ठी लावणारं ई-३, एमडीएम-२, वाढलं की तेच.

प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी: एमजी-१३२, म्हणजे प्रोटिएसोम बंद पाडणारं औषध, घातलं आणि सायक्लिन साठलं, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. त्या औषधानं पेशी विभाजनाच्या मध्यावर थांबतात, आणि तिथे सायक्लिन भरपूर असतंच. आधी सगळ्या पेशी एका टप्प्यावर आणा. पेशी फोडताना चिठ्ठ्या सोडवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं एन-इथिलमॅलेइमाइड विसरलात तर ती एन्झाइमं सगळी साखळी उतरवतात आणि चिठ्ठ्या दाखवणारा ब्लॉट कोरा येतो.

प्रोटिएसोमला धरून बंद पाडणारं औषध बोर्टेझोमिब, अमेरिकेत २००३मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्य झालं. मायलोमाच्या पेशी अँटिबॉडी ढिगानं बनवतात, त्यामुळे इथे प्रोटिएसोमचं कचरा काढण्याचं कामही तितकंच मोलाचं, हे मला मान्य करायलाच हवं. बोर्टेझोमिबची पकड सुटणारी असते, आणि प्रोटिएसोम पुन्हा कामाला लागावा म्हणून दोन इंजेक्शनांत किमान ७२ तासांचं अंतर ठेवतात.