एकास बहात्तर हरिकेन

(दृश्य: टिनाच्या छपराखालची खोली. टेबल. बंद कुलर.)

मे महिना, वर्धा जिल्ह्यातलं खेडं. एवढ्या उन्हातही कुलर बंद, कारण तो लावला की धूळ आणि कापसाचे तंतू थेट ओल्या रंगावर येऊन बसतात. म्हणून रंगकाम सकाळी आठच्या आत. कापणं, घासणं, चिकटवणं दिवसभर चालतं.

टेबलावर आहे हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, 1:72 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 12.19 मीटर, इथे जेमतेम 17 सेंटीमीटर. 1944 साली इंफाळला स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन हीच विमानं उडवत होती.

(दृश्य: धडाचे दोन अर्धे भाग, जवळून.)

भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवायचे. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. कॉकपिट रंगवून आत बसवलं, की धड जोडायचं. पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, प्लास्टिक विरघळवतं. दाबल्यावर जोडातून बारीक कड वर येते, ती तशीच राहू द्यायची आणि पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मऊ असतानाच घासलं, तर प्लास्टिक नंतर आक्रसतं आणि रंगाखालून खाच दिसते.

हरिकेनची खरी परीक्षा पाठीवर. मागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं होतं, त्याचे उभार मॉडेलवरही असतात. पॉलिश पेपर सरसकट फिरवला की ते सपाट होतात आणि परत आणणं महाकठीण. जोडाच्या दोन्ही बाजूंना टेप लावा. आधी 400, मग 600 नंबर, ओला करून, लांबीच्या दिशेनेच.

(दृश्य: एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारा ब्रश.)

ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ, दाब 15 पीएसआयच्या आसपास. कोरड्या गरम हवेत थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि अंगावर रव्यासारखी खरखर येते. रंग हळू वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाका, ब्रश जवळ धरा. पोटाला करडा, वर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. मध्येच लाईन गेली तर कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या उरलेल्या हवेवर आधी ब्रश धुऊन घ्यायचा. रंगाचा पट्टा राहिला तरी चालेल, नोझल बुजलं तर पुढचा दिवस गेला.

आता ग्लॉस वार्निश. खरखरीत रंगावर डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांखाली) हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. डिकल भिजवायला बोअरचं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग पडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. आणि विमानावरच्या गोल चिन्हात लाल ठिपका नको! जपानी विमानांवर लाल गोळा असे. घोटाळा टाळायला इंफाळच्या या आघाडीवर लाल काढून निळ्याच्या दोन छटा ठेवल्या होत्या. किटमध्ये युरोपातली चिन्हं असतील तर वेगळी घ्यावीच लागतात.

कॉकपिटची काच शेवटी, पांढऱ्या फेविकॉलने. सुपरग्लूच्या वाफेने ती आतून धुरकट होते. काचेवर रंग लागू नये म्हणून लावलेली टेप, म्हणजे मास्क, ओढण्याआधी कडेने ब्लेडचं टोक फिरवा, नाहीतर रंगाची कपची सोबत निघते.