राखाडी छटांतली शशिरेखा

नमस्कार श्रोतेहो. १९५७ सालचा तेलुगू 'मायाबजार' तुम्ही पाहिला नसेल, तरी त्याची गोष्ट ओळखीची आहे. आपल्याकडचं वत्सलाहरण किंवा सुरेखाहरण, तेच हे. तिकडे वत्सलेची झाली शशिरेखा, आणि ती साकारली सावित्रीने. दिग्दर्शन के. व्ही. रेड्डींचं, कॅमेरा मार्कस बार्टलींचा.

यातल्या 'लाहिरी लाहिरी' या नौकागीतातलं चांदणं आजही नावाजलं जातं. तेव्हाच्या कृष्णधवल फिल्मला खरं चांदणं टिपणं झेपत नसे. मग स्टुडिओतल्या दिव्यांवर भागवायचं, नाहीतर भर उन्हात रात्र उभी करायची. त्याची सर्रास रीत अशी: लेन्सपुढे लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळवंडतं. सूर्य कलाकारांच्या पाठीमागे ठेवला की केसांना आणि पाण्याला रुपेरी कड येते. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप कमी ठेवायचं, म्हणजे फिल्मवर निम्म्याहूनही कमी प्रकाश पडू द्यायचा. गोम अशी, की लाल फिल्टर लाल रंगालाच पांढुरकं करतो. लिपस्टिक गायब, चेहरा खडूसारखा. म्हणून ओठांना गडद तपकिरी रंग लावायचा. आणि ढग आले तर काम थांबवायचं, कारण ते पांढरेफटक उमटतात आणि रात्रीचं सोंग उघडं पडतं.

साड्यांचंही तसंच. लाल काठ आणि हिरवं अंग कृष्णधवल फिल्मवर जवळपास एकाच राखाडीत विरघळतात. झगझगीत दिव्यांखाली शुभ्र कापडाचा नुसता डाग होतो, त्यापेक्षा फिकट पिवळं बरं. २०१० मध्ये हा चित्रपट रंगवून प्रदर्शित झाला. चांदणं पाहायचं असेल तर मूळ प्रतच पाहा. छटांचा तो हिशेब रंगांसाठी केलेलाच नव्हता.

अर्थात सावित्रीची खरी करामत 'अहा ना पेळ्ळंट' या गाण्यात आहे. शशिरेखेच्या रूपात इथे घटोत्कच वावरतोय. लाजरी नजर, नाजूक मनगट, आणि मधेच गायक घंटसालांचा पुरुषी आवाज येतो तशी तिची मान ताठ, खांदे रुंद, भुवई वर! दागिने तेच, वेष तोच. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच आधी नीट पाहून घ्या, म्हणजे तिने काय काय उचललंय ते कळेल.

तमिळकडे वळायचं तर १९५८ चा 'वंजिकोट्टै वालिबन' घ्या. पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांची नृत्याची जुगलबंदी, आणि संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं! अशा नृत्यात पावलं फ्रेमबाहेर गेली की सगळं फुकट. म्हणून पाहताना चेहऱ्यांइतकंच पायांकडे लक्ष ठेवा, आणि कॅमेरा कधी मागे सरतो तेही पाहा. तमिळ अडत असेल तर त्याच वर्षीचा हिंदी 'राजतिलक' आहे. जुगलबंदी त्यातही आहे, याच दोघींची.