वंदे मातरम् : एका वाक्याचं गाणं

मंडळी, आत्ता आपण 'वंदे मातरम्'ची दोन कडवी म्हटली. व्याकरणाच्या हिशेबाने ते एकच वाक्य आहे. क्रियापद पहिल्याच शब्दात येऊन जातं. 'वंदे' म्हणजे मी वंदन करतो. आम्ही नव्हे, मी. सभागृह भरून माणसं गात असली तरी ज्याने त्याने आपापल्यापुरतं म्हणायचं. 'मातरम्' द्वितीयेत आहे, आणि सुजलां, सुफलां, सुखदां, वरदां ही तिची विशेषणं, म्हणून तीही द्वितीयेत. अनुस्वार गिळून 'सुजला सुफला' म्हटलं की विभक्ती गळते. 'मातरम्'चा शेवट 'मऽ' असा ओढला की पाय मोडलेला 'म्' उगाच उभा राहतो.

बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी हे गीत १८७०च्या दशकात लिहिलं आणि पुढे 'आनंदमठ' या कादंबरीत घातलं. ती पुस्तकरूपाने १८८२ साली आली. कादंबरीचा काळ आहे १७७०च्या बंगालमधल्या भीषण दुष्काळाचा. गावं ओस पडलेली, माणसं अन्नावाचून मरताहेत, आणि अशा मुलखातून चांदण्या रात्री चालताना भवानंद हा संन्यासी गातो 'सुजलां सुफलां'! सोबतचा महेंद्र बुचकळ्यात पडतो. हा तर देश, ही आई कुठली, असं तो म्हणतो. गाणं सुबत्तेचं वर्णन करत नाही, हरवलेल्या सुबत्तेची आठवण काढतं. माझ्या मते, दुष्काळ बाजूला काढला तर हे नुसतं निसर्गवर्णन उरेल.

शब्दांकडे जरा जवळून पाहू. 'शस्य' म्हणजे शेतात उभं पीक, आणि त्याने सावळी दिसणारी ती शस्यश्यामला. घाईत तिचं 'सस्यशामला' होतं. 'मलयज' म्हणजे मलय पर्वतावरचं चंदन, किंवा तिथून येणारा वारा. दोन्ही अर्थ चालतात. 'शुभ्रज्योत्स्नापुलकितयामिनीम्' हा अख्खा एक समास आहे: पांढऱ्या चांदण्याने जिच्या रात्री रोमांचित झाल्या आहेत ती. (काटेकोर पंडित इथे 'यामिनीकाम्' मागतील. कवीने ऐकलं नाही, बरंच केलं.) 'सुहासिनी'ची 'सुवासिनी' तर सर्रास होते. मुलांना रोमन लिपीत कागद दिला की ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार आणखी हरवतात. तो कागद देवनागरीतच द्यावा.

तिसऱ्या कडव्यात 'सप्तकोटी कंठ' येतात. सात कोटी म्हणजे तेव्हाच्या बंगाल प्रांताची लोकसंख्या. भारत पुढे तीत मावला. १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी हे गीत गायलं आणि १९०५च्या वंगभंगानंतर, म्हणजे बंगालच्या फाळणीनंतर, त्याचे पहिले दोन शब्द घोषणा झाले. बंगाली माणूस मात्र ते 'बन्दे' असंच उच्चारतो. देवीची नावं पुढच्या कडव्यांत येतात. त्यावर आक्षेप आले, तेव्हा १९३७ साली काँग्रेस कार्यसमितीने सभांमध्ये पहिली दोनच कडवी म्हणावीत असं ठरवलं. २४ जानेवारी १९५०ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत या गीताला 'जन गण मन'च्या बरोबरीचा मान जाहीर केला.

मराठी गवयांनी या गाण्यासाठी खस्ता खाल्ल्या आहेत. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेस अधिवेशनांत ते गात. १९२३ साली काकिनाड्याला अध्यक्षांनीच हरकत घेतली, तरी त्यांनी गायलंच. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटी रागात चाल बांधली. समूहाला म्हणता यावी आणि बँडवर वाजवता यावी, हा त्यांचा आग्रह होता.

आपण म्हणतो ती चाल देस रागातली. तिथे फसगत होते ती पट्टीची. सुरुवात खालच्या सुरांत असल्याने सोपी वाटते, कुणीतरी उत्साहाने वरचा सूर धरतो, आणि 'शुभ्रज्योत्स्ना'ला तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', आला की पुरुष गप्प होतात. म्हणून पेटीवाल्याने आधी तीच ओळ चारचौघांकडून म्हणवून घ्यावी, ती झेपेल ती पट्टी धरावी आणि मग 'वंदे'ला हात घालावा.