किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, सेस्ना १७२ मधून

[दृश्य: सॅन डिएगो, पहाट. पंखांवर दव, टॉर्चचा उजेड.]

सेस्ना १७२-एस हे एका इंजिनाचं छोटं विमान. इंजिन १८० अश्वशक्तीचं, वेग १२० नॉट, म्हणजे ताशी साधारण २२० किलोमीटर. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या सॅन डिएगोपासून अटलांटिकजवळच्या सॅव्हानापर्यंत सरळ अंतर भरतं सुमारे ३,३५० किलोमीटर. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. हवेत पंधरा-सोळा तास, जमिनीवर मोजाल तर तीन दिवस, आणि हवामानासाठी चौथा दिवस हाताशी हवाच.

पहिला हिशेब वजनाचा. उड्डाणाला परवानगी जास्तीत जास्त १,१५७ किलोंची. रिकामं विमानच ७७० किलोंच्या आसपास. दोन्ही टाक्यांत वापरता येण्याजोगं २०० लिटर पेट्रोल, त्याचे १४४ किलो. उरले सुमारे २४०. खुर्च्या चार असल्या तरी भरल्या टाक्यांनी तिघं बसले की सामानाला वजन शिल्लक राहत नाही. म्हणून हा प्रवास दोघांचा.

[दृश्य: पंखाखाली पारदर्शक पेल्यात निळं इंधन.]

या विमानाला इंधन तपासायच्या तेरा जागा आहेत. पाचपाच पंखांखाली, तीन इंजिनखाली. प्रत्येक ठिकाणचं थोडं पेट्रोल काढून पाहायचं. रंग निळा हवा, आणि तळाशी थेंब साचला असेल तर ते पाणी. टाकीत किती आहे ते काट्यावर सोडायचं नाही, दांडी बुडवून मोजायचं. मग टाकीचं झाकण हाताने दाबून बघायचं. पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून पेट्रोल ओढलं जाऊन बाहेर उडतं, आणि उंच पंखावरचं ते आतून कुणाला दिसत नाही.

[दृश्य: डोंगर, मग एकदम सपाट वाळवंट.]

सॅन डिएगो सोडलं की लगेच डोंगर. पूर्वेकडे जाताना उंची विषम हजार अधिक पाचशे अशी धरायची, म्हणून ७,५०० फूट. पलीकडे इंपीरियल खोरं, तिथली धावपट्टी समुद्रसपाटीच्याही पन्नासेक फूट खाली आहे.

पुढे आठ क्रमांकाचा महामार्ग सोडायचा नाही. युमा ते गिला बेंड या पट्ट्यात रस्त्याच्या दक्षिणेला लष्कराचा गोल्डवॉटर सराव-प्रदेश. शिवाय इंजिन बंद पडलंच तर उतरायला जागा आणि मदतीला माणूस रस्त्याजवळच मिळेल. नियंत्रण कक्षाला रेडिओवरून ‘फ्लाइट फॉलोइंग’ मागून ठेवलं की रडारवर कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवतं. ही सोय फुकट आहे आणि ती न मागण्याचं एकही कारण आम्हाला दिसत नाही.

[दृश्य: एल पासो. तापलेली धावपट्टी, मृगजळ.]

टूसॉननंतर एल पासो. उंची ३,९६० फूट. उन्हाळ्यात दुपारी ३८ अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेसात हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. धावपट्टी इथे भरपूर लांब आहे, अडचण चढण्याची. इंजिनाला हवा कमी, पंखालाही कमी, पुढच्या प्रोपेलरलाही कमी. त्यात हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा लाल दांडा पुढे तसाच ठेवला तर पेट्रोल जादा होऊन उरलेली ताकदही जाते. उड्डाणाआधी पूर्ण थ्रॉटलवर दांडा हळूहळू मागे घेत इंजिनाचे जास्तीत जास्त फेरे मिळतील तिथे थांबवायचा.

आणि मुळात दुपारी निघायचंच नाही. पश्चिमेत उजाडता उडायचं आणि दुपारच्या आत उतरायचं.

इंधन भरून अर्ध्या तासाने इंजिन चालू होत नाही, हा इथला नेहमीचा प्रकार. इंधनाच्या बारीक नळ्या सिलिंडरांच्या वरून जातात. इंजिन थांबलं की उष्णता वर चढते, नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होतं. अशा वेळी थ्रॉटल किंचित उघडा, मिश्रण पूर्ण बंद, स्टार्टर फिरवायचा आणि पहिला ठोका पडताच मिश्रण पुढे. दहा सेकंदांत नाही झालं तर थांबायचं, नाहीतर स्टार्टर जळतो.

[दृश्य: ग्वादालूप शिखराचा कडा.]

एल पासोच्या पूर्वेला ग्वादालूप पर्वत, शिखर ८,७५१ फूट. वारा पश्चिमेचा असेल तर चढताना तो मदतच करतो. फसवतो तो पलीकडे. कडा ओलांडला की हवा खाली कोसळते आणि या उंचीवर भरलेलं १७२ मिनिटाला चारशे फूटसुद्धा चढत नाही. शिखराच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या पुढे असेल तर खिंडीचा मोह सोडून दक्षिणेने व्हॅन हॉर्नवरून जायचं. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

मिडलंडला मुक्काम असेल तर स्वतःचे दोर न्यावेत. वसंतात पश्चिम टेक्ससमध्ये संध्याकाळी वादळं उठतात, आणि न बांधलेलं विमान वारा उलटवू शकतो. हवेत असताना अशा ढगापासून किमान वीस मैल दूर.

[दृश्य: लुइझियाना. धुक्यात बुडालेली झाडं.]

फोर्ट वर्थनंतर घड्याळ उलटं होतं. हवा दमट. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचंच अंतर राहिलं की पहाटे धुकं. इथे लवकर उठून उपयोग नाही, धुकं विरेपर्यंत थांबायचं. आणि दुपारी पुन्हा गडगडाटी ढग. दिवसाची उडण्याजोगी फट अरुंद होत जाते. त्यात पूर्वेकडे जाताना कालपट्टे बदलून एकूण तीन तास हातातून जातात, सूर्य घड्याळाच्या अंदाजाआधी मावळतो. म्हणून सगळा आराखडा जागतिक वेळेतच लिहायचा.

नियम दिवसा अर्ध्या तासाचं इंधन राखीव मागतो. आम्ही एक तास धरतो. ताशी ३४ लिटरच्या हिशेबाने टाक्या जवळजवळ सहा तास पुरतात, तरी साडेतीन तासांच्या आत उतरावं. माणसाचं लक्ष इंधनाच्या आधी संपतं.

[दृश्य: सॅव्हाना. चाकांना अडसर, पंखांना दोर.]

इंजिन थंड झाल्यावर तेल पाहायचं, लागेल तेवढं घालायचं. आणि विमानापासून हलण्याआधी फोन करून उड्डाणाचा आराखडा बंद करायचा. टॉवर तो आपोआप बंद करत नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की हरवलेल्या विमानाची चौकशी सुरू होते.